भाचा तेलविहिरीवर 'चिखल' बनवतो. हा चिखल खरंच विषारी असतो का?

बापू_तासगाव
मंडळी, नमस्कार. प्रश्न घरगुती आहे आणि तांत्रिकही आहे.

थोरल्या बहिणीचा मुलगा केमिकल इंजिनिअर. सहा महिन्यांपूर्वी गुजरातेत मेहसाण्याकडं एका ठेकेदाराच्या रिगवर, म्हणजे तेलविहीर पाडायच्या यंत्रावर, लागला. पद मड इंजिनिअर. ताईनं विचारलं, "म्हणजे नेमकं काय करतोस रे?" तर पठ्ठ्या म्हणाला, "चिखल बनवतो." तेव्हापासून ताई शेजारीपाजारी 'मुलगा तेल कंपनीत आहे' एवढंच सांगते. दाजी तर म्हणाले, चिखलच कालवायचा होता तर एवढी फी कशाला भरली, बेंदराला बैलं करायला कुंभारवाड्यात पाठवला असता.

इथवर हसण्यावारी होतं. गेल्या आठवड्यात कऱ्हाडकडचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील निवृत्त मास्तर, पर्यावरणाच्या कामात असतात. पोह्याची बशी हातात घेऊन म्हणाले, "त्या ड्रिलिंगच्या चिखलानं जमिनी नासतात, समुद्रातली मासळी मरते. तुमचा मुलगा ते करतो?" भाचा होता रिगवर, ताईला काही सुचेना, मी चहा कपात फुंकत बसलो.

तर जाणकारांनी सांगावं. हा चिखल मातीचा असतो का रसायनाचा? काम झाल्यावर जातो कुठं? आणि मी भाच्याची बाजू घ्यावी का मास्तरांची?

जतचं_वारं
बापू, पोहे खाऊन गेले का ठेवून गेले? त्यावर सगळं अवलंबून असतंय.

बापू_तासगाव
खाल्ले. शेवही मागून घेतली.

जतचं_वारं
मग जमतंय. पुढं चालू द्या.

निवृत्त_रिगवाला
मूळचा पलूसचा. आयुष्याची अठ्ठावीस वर्षं रिगवर गेली, समुद्रात आणि जमिनीवर दोन्हीकडं. जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्याही घरी हाच प्रश्न होता. आईला शेवटपर्यंत वाटायचं मी बोअरच्या गाडीवर आहे.

'मड' हा शब्द फसवा आहे. पोकळ पाइपातून ते पंपानं खाली सोडतात. तळाशी बिटच्या, म्हणजे खडक कापणाऱ्या टोकाच्या, भोकांतून जोरात बाहेर पडतं आणि पाइप व विहिरीची भिंत यांच्या मधल्या फटीतून खडकाचा चुरा घेऊन वर येतं. वर शेल शेकर असतो, म्हणजे हलती चाळण. मार्केट यार्डात हळदीला असते त्याच जातीची. चुरा बाजूला पडतो, मड परत टाकीत, टाकीतून परत खाली. तेच ते फिरत राहतं. बिट गार ठेवणं, भिंतीला पातळ लेप देऊन ती ढासळू न देणं, हीही त्याचीच कामं.

पण मुख्य काम वजनाचं. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो दाब. विहीर ३००० मीटर खोल असेल तर साध्या पाण्याचा तळाशी ३०० किलो. खाली वायू ३५० किलोनं बसलेला असेल तर तो पाण्याला वर ढकलणार. याला 'किक' म्हणतात. ती आवरली नाही तर ब्लोआउट, म्हणजे विहिरीतून वायू-तेल बेफाम उसळणं. म्हणून मडमध्ये बराइटची पूड घालून ते पाण्याच्या १.२ पट जड करायचं, की झाला दाब ३६०. वायू जागेवर बसला. फार जड केलं तरी पंचाईत, खडकच फाटतो आणि मड त्यात पळून जातं. मग अभ्रक, अक्रोडाच्या कवचाचा चुरा, हाताला लागेल ते कोंबून भेगा बुजवायच्या. तुमचा भाचा दिवसभर ही तारेवरची कसरत करतो. ताईंना सांगा, तो चिखल कालवत नाही, झाकण सांभाळतो.

माती म्हणाल तर ती बेंटोनाइट, आपल्याकडं कच्छमधून येते. बराइट आंध्रातल्या मंगमपेटचं. बाकी कॉस्टिक सोडा, डिंकासारखे पदार्थ, पोटॅश, गरजेप्रमाणं.

अर्थिंगवाला
बेंटोनाइट? ते तर आम्ही अर्थिंगच्या खड्ड्यात घालतो. ओल धरून ठेवतंय.

द्राक्षबागाईतदार
वाइन नितळ करायलाही तेच वापरतात. म्हणजे बापू, भाच्याचा चिखल आणि पलूसची वाइन एकाच मातीतली.

बापू_तासगाव
हे मास्तरांना सांगू नका. ते माळकरी आहेत.

काळी_माती
मृदा विषयात शिकलो म्हणून भर घालतो. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. आपल्या काळ्या रानात जी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, तीही याच कुळातली. बेंटोनाइटमध्ये सोडियम असेल तर ते कितीतरी पट फुगतं. थिजवायला, लेप द्यायला रिगवर नेमका हाच गुण लागतो. शेताला मात्र हाच गुण बाधतो. मातीत सोडियम वाढलं की ती चोपण होते, पाणी मुरत नाही, वाफसा येत नाही. वाळवा, मिरज, पलूस भागात नदीकाठची क्षारपड रानं ज्यांनी बघितलीत त्यांना वेगळं सांगायला नको. तिथं रिग आली नव्हती, उसाला पाटानं पाणी पाजून पाजून आपणच ती करून ठेवली. पण सोडियमचं मड उघड्यावर ओतलं तर त्या रानाचंही हेच होणार. माती आहे म्हणजे निरुपद्रवी, असं समजू नये.

मिरज_वैद्यकी
बराइटबद्दल दोन शब्द. ते म्हणजे बेरियम सल्फेट. मिरजेत पोटाच्या एक्स-रेला येणाऱ्या पेशंटला आम्ही हेच पांढरं पाणी पाजतो, 'बेरियम मील'. विरघळणारं बेरियम हे जालीम विष आहे, पण सल्फेट पाण्यात जवळपास विरघळतच नाही. पोटातून जसंच्या तसं निघून जातं. त्यामुळं नुसतं 'बेरियम आहे' म्हणून घाबरू नका. कुठल्या रूपात आहे ते विचारा.

कृष्णाकाठ
डॉक्टरसाहेब, तुम्ही पाजता ते शुद्ध केलेलं. खाणीतल्या बराइटात पारा आणि कॅडमियमही येतं, ते का गाळलंत? म्हणूनच आपल्या पर्यावरण मंत्रालयाच्या २००५ च्या अधिसूचनेत मडसाठीच्या बराइटात किलोमागं पारा १ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असं लिहिलंय. काहीच धोका नसता तर मर्यादा कशाला घातली असती?

आणि इथं सगळे मिळून मास्तरांना वेड्यात काढायला निघालेत, म्हणून सांगतो. मास्तर बरोबर आहेत. ब्रिटन-नॉर्वेच्या मधला उत्तर समुद्र घ्या. तिथं वर्षानुवर्षं पाण्याऐवजी डिझेलात नाहीतर दुसऱ्या तेलात कालवलेल्या मडनं विहिरी पाडल्या आणि तेलानं माखलेला चुरा तिथंच खाली सोडला. प्लॅटफॉर्मखाली त्याचे ढीग बसलेत. तळाच्या गारठ्यात, ऑक्सिजनशिवाय, ते तेल फार हळू कुजतं. पुढं २००० साली त्या देशांनी ठरवलं की चुऱ्यावर एक टक्क्याहून जास्त तेल असेल तर तो समुद्रात टाकायचा नाही. तोवर जे पडायचं ते पडून गेलं होतं.

निवृत्त_रिगवाला
कृष्णाकाठ, एक अक्षर खोटं नाही. डिझेलचं मड मी स्वतः हाताळलंय. संध्याकाळी हात इतके खाजायचे की जेवताना चमचा घ्यावा लागायचा. वापरायचे कारण ते चालायचं झकास. पाण्याच्या मडनं शेल, म्हणजे चिकणमातीचा पापुद्र्यांचा खडक, फुगतो, पाइप अडकतो. तेलाच्या मडनं फुगत नाही.

पण तुम्ही सांगितलेल्या त्याच अधिसूचनेत डिझेलच्या मडला बंदी आहे. पाण्याचंच मड वापरायचं, अगदीच अडलं तर कमी विषारी तेलाचं, ज्यात सुगंधी हायड्रोकार्बन एक टक्क्यापेक्षा कमी. आणि घटकांची चाचणी ९६ तास समुद्री जीवांवर घ्यायची. निम्मे जीव मरायला लिटरमागं ३०,००० मिलिग्रॅमहून जास्त लागलं पाहिजे, तरच पास.

अक्षर_वाई
सुगंधी? म्हणजे अत्तर का?

निवृत्त_रिगवाला
नावच तसं. बेंझिनच्या घराण्यातले. हुंगायचे नसतात.

कृष्णाकाठ
कागदावर छान आहे. पाण्याचं मडही समुद्रात सोडलं की चुरा तळावर बसतो आणि तिथले शिंपले, किडे त्याखाली गाडले जातात. विष नसलं तरी जीव गुदमरतोच. आणि तुमचे ते 'पर्यावरणपूरक' सिंथेटिक मड, कारखान्यात बनवलेल्या तेलासारख्या द्रवाचं? जिवाणू त्यातले काही प्रकार भराभर खातात हे खरं, पण खाताना तळातला ऑक्सिजनही संपवतात. आपल्याकडं मळी ओढ्यात सोडली की मासे उताणे होऊन वर येतात ना? मळीत सायनाइड नसतं. ऑक्सिजन संपतो म्हणून मरतात. गणित तेच.

नदीकाठचा_पोहणारा
मळीचा विषय काढू नका राव. आमच्या घाटावर एका कारखान्याचं पाणी आलं होतं त्या साली आठ दिवस नाक धरून फिरलोय. कारखान्याचं नाव घेत नाही, संचालक सासऱ्यांचे मित्र आहेत.

डाळिंब_आटपाडी
वाचतोय. एक विचारू का, ते डिंकासारखे पदार्थ म्हणजे काय?

निवृत्त_रिगवाला
बरेच असतात. गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांचा. सेल्युलोजपासून केलेला सीएमसी. आणि झँथन गम. हा मजेशीर. पंप चालू असताना मड पातळ वाहतं, आणि पाइप जोडायला पंप थांबवला की जागच्या जागी दाट होतं, चुरा खाली बसू देत नाही. साखरेवर झँथोमोनास नावाचे जिवाणू वाढवून तो तयार करतात.

डाळिंब_आटपाडी
झँथोमोनास?? अहो तोच तेल्या! आमच्या डाळिंबावर तेलकट डाग पडतात तो रोग. माझी दोन एकर बाग त्यानं खाल्लीय!

काळी_माती
प्रजाती वेगळी, घराणं एकच. गमवाला झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस, तो मूळचा कोबीच्या पानावरचा. तुमचा भाऊबंद निराळा.

डाळिंब_आटपाडी
एक भाऊ कंपनीत पगारावर आणि दुसरा आमच्या बागेत चरतोय. नशीब म्हणायचं.

जतचं_वारं
तेल्यापासून तेलविहिरीपर्यंत. धागा सार्थकी लागला.

द्राक्षबागाईतदार
वर पोटॅश म्हणालात. आमचंच पोटॅश का?

निवृत्त_रिगवाला
हो, पोटॅशियम क्लोराइड, तुमचं एमओपी. शेल फुगू नये म्हणून.

द्राक्षबागाईतदार
मग जमिनीवर त्याचं काय करतात ते सांगा, मला तेच खुपतंय. द्राक्षाला आम्ही एमओपी टाळतो, महागाचं एसओपी, म्हणजे सल्फेटवालं पोटॅश, घालतो. का? तर क्लोराइड वेलीला सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. आम्ही मूठभर क्लोराइड टाळतोय आणि ह्यांच्या टाक्याच्या टाक्या. समुद्राला मिठाचं कौतुक नाही, पण रानाला आहे.

निवृत्त_रिगवाला
बरोबर जागी बोट ठेवलंत. समुद्रात क्लोराइडचा प्रश्न नाही, तिथं गाळाचा आणि तेलाचा. जमिनीवर उलटं, मीठच वैरी. म्हणून रिगशेजारी खड्डा खणून त्याला जाड प्लॅस्टिक अंथरतात, तुमच्या शेततळ्याला असतं तसंच. चुरा धुऊन त्यात टाकायचा, पाणी शक्य तेवढं परत वापरायचं, शेवटी वर मातीचा जाड थर देऊन बंद करायचं.

द्राक्षबागाईतदार
शेततळ्याचा कागद उंदीर किती दिवसांत फोडतात ते मला विचारा.

पाटणकर_डोंगरी
तुम्ही मेहसाणा न् उत्तर समुद्र करताय, पण सातारा जिल्ह्यातही तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, विसरलात? पाटण तालुक्यात गोठण्याला. आमची आत्या तिकडं दिलेली. २०१६ च्या शेवटाला काम सुरू झालं, २०१७ च्या पावसाच्या तोंडाला संपलं. रात्री डोंगरात रिगचे दिवे दिसायचे. आत्याच्या गावात चर्चा एकच, तेल लागलंय, आता जमिनीला सोन्याचा भाव. आतोबांचं तर पड रानाची मोजणी आणायचं घाटत होतं!

प्रत्यक्षात ते भूकंपाच्या अभ्यासासाठी होतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का, आणि त्यानंतर आजवर तिथं बारीकसारीक हादरे का बसतात, ते खालून बघायला. कऱ्हाडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, काम तिच्याकडं. आणि तिथंही मड वापरलं बरं का. मड रोटरी आणि एअर हॅमर, दोन्हींचा मेळ घातला होता.

अक्षर_वाई
मग तेल का नाही लागलं?

काळी_माती
लागणार कसं? तेल गाळाच्या खडकात तयार होतं. गोठण्याच्या भोकात वरचे साधारण १२५० मीटर आपला काळा फत्तर, त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. मधे गाळाचा थर नाहीच. आतोबांना सांगा, मोजणीचे पैसे वाचले.

खरी नवलाची गोष्ट वेगळी आहे. त्या तीन किलोमीटरपर्यंत खडकाच्या भेगांतून पाणी सापडलं आणि ते पावसाचंच मुरलेलं आहे असं अभ्यासकांनी सांगितलं. वर ओतलेलं वरच राहतं, हा समज यापुढं सोडावा लागेल.

कृष्णाकाठ
धन्यवाद. माझं अर्धं काम तुम्ही केलंत.

फौजी_माण
एवढं लिहिलंत, पण मड नसलं तर काय होतं ते कुणी सांगितलं नाही. २०२० ला मी आसामात तिनसुकियाकडं होतो. बागजानची विहीर. नवीन ड्रिलिंग नव्हतं, चालू विहिरीची दुरुस्ती सुरू होती. २७ मे ला वायू उसळला, ९ जूनला पेटला. अग्निशमनचे दोन जवान गेले. लांबून रात्रीचा उजेड दिसायचा, आवाज विमानासारखा. शेजारचा मागुरी बील, म्हणजे मोठं पाणथळ, त्यावर तेलाचा तवंग. लोकांची घरं जळाली, चहाचे मळे करपले. आग पुरती विझली नोव्हेंबरच्या मध्यात, तीही विहिरीत जड खारं पाणी दाबून भरलं तेव्हा.

मास्तरांना म्हणावं, चिखल वाईट असेल, पण झाकण उडालं की चिखल परवडला.

निवृत्त_रिगवाला
अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात २०१० ला तेच. विहीर बंद करून निघायची घाई, आतलं जड मड काढून त्याजागी समुद्राचं हलकं पाणी भरायला घेतलं, वायू वर आला. ११ माणसं गेली.

कृष्णाकाठ
फौजीसाहेब, तुमच्या अनुभवाला नमस्कार. पण ही तुलना मला पटत नाही. घर जळण्यापेक्षा धूर बरा, म्हणून धुराबद्दल बोलायचंच नाही का? मड लागतं हे मान्य. मास्तर कुठं म्हणाले मड वापरू नका? ते विचारतायत नंतर त्याचं काय करता.

जतचं_वारं
आता माझी तक्रार. आमच्याकडं रोज एक बोअरची गाडी येते. हजार फूट, बाराशे फूट. कायद्यानं ६० मीटर म्हणे, म्हणजे दोनशे फूट. मोजायला कोण येतंय! फोमचा साबण टाकतात, तो फेस आणि फत्तराचा राखाडी राडा सरळ ओढ्यात. मागच्या वर्षी शेजाऱ्याच्या बोअरचा राडा माझ्या मटकीवर वाळून सिमेंटसारखा बसला. त्या फोममध्ये काय असतं हे आजपर्यंत आमच्या एकानंही विचारलेलं नाही. मीही नाही. तेलवाल्यांना निदान कोळंबीवर परीक्षा द्यावी लागते. आमच्या बोअरवाल्याची परीक्षा एकच, पाणी लागलं का नाही.

अर्थिंगवाला
आणि लागलं का?

जतचं_वारं
शेजाऱ्याला लागलं. मला नाही.

गप्प_वाचक
+१. पुतण्या पुलाच्या कामावर आहे. पायलिंगच्या, म्हणजे पायाच्या खांबांसाठी पाडलेल्या, भोकातही बेंटोनाइटचंच पाणी असतं, काम झाल्यावर टँकर कुठं रिकामा होतो हे विचारलं की तो विषय बदलतो.

सांगलीची_सून
मडच्या जन्मात गुरांचाही वाटा आहे म्हणतात. खोटं वाटेल, पण १९००-०१ च्या सुमारास टेक्सासात स्पिंडलटॉपची विहीर पाडताना वाळू सारखी ढासळायची, तेव्हा तळ्यात गुरं घालून पाणी गढूळ केलं आणि ते विहिरीत सोडलं, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे दाजींचा बेंदूर अगदीच चुकीचा नव्हता.

बापू_तासगाव
धाग्याला चार दिवस लावले, माफी असावी. सगळं वाचून काल भाच्याला फोन केला. पाऊण तास बोललो. इतकं तो लहानपणीसुद्धा माझ्याशी बोलला नव्हता.

त्यांच्याकडं पाण्याचंच मड आहे. दर थोड्या वेळानं एक नरसाळं भरून त्यातलं साधारण लिटरभर मड खाली यायला किती सेकंद लागतात ते मोजतो. साध्या पाण्याला २६, त्याच्या मडला दीडपट-दुप्पट. तराजूवर वजन बघतो, क्लोराइड तपासतो, वहीत लिहितो. मी म्हटलं, आणि खड्डा? तर म्हणाला, "मामा, खड्डा माझ्याकडं नाही. तो सिव्हिलच्या ठेक्यात येतो." कागद फाटला तर कोण बघतं? "बघत असतील कुणीतरी."

द्राक्षवाले, तुमचे उंदीर तेव्हा आठवले. मी त्याला म्हटलं, उद्या ड्यूटी संपल्यावर खड्ड्याभोवती एक चक्कर मार आणि मला फोटो पाठव. आज सकाळी आला. एका कोपऱ्यात कागद सरकून माती दिसतेय. त्यानं साहेबांना कळवलंय म्हणे. साहेब म्हणाले, तुझं काम कर.

कृष्णाकाठ
कळवलं ते लेखी का तोंडी?

बापू_तासगाव
तोंडी.

निवृत्त_रिगवाला
त्याला म्हणावं रोजच्या मड रिपोर्टात शेरा टाक. तारीख, वेळ, फोटो. रिपोर्ट वरपर्यंत जातो, तोंडी बोललेलं जात नाही. माझ्या वेळी मी असे तीन शेरे टाकले होते. दोनदा काम झालं, एकदा बदली झाली.

बापू_तासगाव
सांगतो. मास्तरांनाही हा फोटो दाखवावा का, ह्या विचारात आहे. स्थळ मोडेल अशी ताईला धास्ती.

फौजी_माण
दाखवा. लपवलेलं नंतर जास्त महागात पडतं.

सांगलीची_सून
बापू, मास्तर, ताई, दाजी, साहेब, सगळ्यांची मतं आली. मुलीला कुणी विचारलं का?

बापू_तासगाव
तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता भाच्याला परत फोन लावला. आठ दिवस झाले, ती दोघं रोज बोलतायत. तो खड्ड्याचा फोटो मला यायच्या आधी तिला गेलेला. आता ताईला हे कुठल्या तोंडानं सांगू ते सुचवा.

जतचं_वारं
नरसाळ्यातून. हळूहळू.